आधी धुऱ्यावरचं झाड

रामदासपेठेत संत्र्याच्या फुलाचा वास येण्याचं काही कारण नाही. इथे वास येतो तो दवाखान्यांतल्या फिनाइलचा, औषधांच्या दुकानांसमोर सुरू ठेवलेल्या गाड्यांचा, आणि सकाळी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तळल्या जाणाऱ्या आलूबोंड्यांचा. तरी परवा सकाळी टॉवेल वाळत घालायला गॅलरीत गेले आणि ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. कुंडीतल्या झाडाला फुलं आली होती. चारदोनच, पांढरी, जाड पाकळ्यांची. गावाकडची, खाप्याची बाग सोडून इथे माझ्याकडे राहायला आले तेव्हा बाबांनी सामानात एवढं एक कलम आणलं होतं. इतकी वर्षं ते नुसतं पानांवर जगलं. मी त्याची आशा सोडली होती, आणि एकदा त्यावर ओलं फडकं वाळत घातलं म्हणून बाबांची बोलणीही खाल्ली होती.

"बाबा, फूल आलं!" मी ओरडले.

"वास आला मले मघाच," आतून आवाज आला. "तू आता उठून राहिली का वं?"

बाबांना हल्ली मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत, गुडघे जिना उतरू देत नाहीत, पण नाक अजून बागेतच आहे. दिवसभर ते गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. मी ऑफिसात गेले खरी, पण माझंही लक्ष कामात नव्हतं. या वासाने मला थेट त्या एका वर्षाच्या बहारात नेऊन सोडलं होतं. आई गेल्यानंतरचा तो पहिला बहार.

आमच्याकडे अंबिया बहार घेतात. त्याची रीत अशी की झाडाला आधी उपाशी ठेवायचं. ऐन थंडीत पाणी तोडायचं, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, कडा गुंडाळून घेतात. नवखा माणूस पाहील तर म्हणेल की बाग गेली. मग संक्रांतीच्या आगेमागे खत घालून पाणी सोडायचं, आणि थंडी ओसरता ओसरता एका सकाळी सगळी बाग पांढरी होते. खाप्याच्या आमच्या बागेतला हा वास कन्हानच्या पात्रापर्यंत जायचा. आई ताणाच्या दिवसांत बागेत पाऊलच टाकायची नाही. "मले नाही पाहवत," म्हणायची. आणि फुलं आली की स्वयंपाक अर्धा टाकून तिथेच जाऊन बसायची. त्या वर्षी बाबांनी ताण दिला, तोडला, सगळं वेळेवर केलं. फक्त फुलं आल्याचं सांगायला घरात कोणी नव्हतं. म्हणून ते मला फोन करायचे, आणि मी डबा खात असताना करायचे.

माझा डबा नेहमी नीलिमासोबत. नीलिमा माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी, पिढ्यान्‌पिढ्या रामदासपेठेतली, संत्री फक्त हातगाडीवर पाहिलेली. कॉम्प्युटरमध्ये तिचं डोकं असं चालायचं की साहेबसुद्धा तिच्या खुर्चीमागे उभे राहून शिकायचे. जेवताना मी एका कानाला फोन लावून बसायची, कारण बाबांना फुलांचं सांगायचं असायचंच, पण त्यांच्यानंतर सावनेरकडचे नाहीतर काटोलकडचे कोणी नातेवाईक विचारायचे, "वं बाई, खोडातून डिंक गळून राहिला, बाबाले विचारून सांगतं का?" मी इकडून विचारायची, तिकडे सांगायची. एक दिवस नीलिमाने वरणात बुडवलेली पोळी तशीच ठेवली.

"तू टेलिफोन एक्स्चेंज आहेस का यार? एका जागी लिहून ठेव ना हे सगळं. लोक तिथे विचारतील, काका तिथे उत्तर देतील. तू जेव."

अशी आमची ‘विचारपूस’ सुरू झाली. संत्र्याच्या बागेबद्दल कोणीही प्रश्न टाकावा, ज्याला कळतं त्याने उत्तर द्यावं, एवढी साधी वेबसाइट. बाबांना मी नवा मोबाइल घेऊन दिला आणि बोलून टाइप कसं करायचं ते शिकवलं. सुरुवातीला ते मोबाइलशी बोलताना घसा खाकरायचे, आणि मोबाइल त्यातूनही काहीतरी अक्षर काढायचा. पण ते रमले. सकाळची फेरी झाली की बांधावर बसून उत्तरं द्यायचे. फळगळ का होते, पानांवरची काळी कोळशी कशी घालवायची, मोरचूद आणि चुन्याचं मलम खोडाला कसं लावायचं. संध्याकाळी मला फोन आला की आता आईच्या नसण्याबद्दल बोलणं नसायचं. "मौद्याच्या त्या पोराचं झाड वाचलं वं," असं काहीतरी असायचं. तो आवाज ऐकून मला किती बरं वाटायचं ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. आज सांगते.

जिथे चार लोक विश्वासाने विचारायला लागतात तिथे विकणारा येतोच. आमच्याकडे तो ‘बहारराजा’ या नावाने आला. खरं नाव त्याने कधी लिहिलं नाही. स्वतः बनवलेलं कसलंसं द्रावण तो विकायचा. फुलं कमी आली, बहारराजाचं द्रावण. फळं गळाली, द्रावण. एकाने विचारलं की बागेत माकडं फार येतात, तर त्यावरही बहारराजाचं उत्तर हजर, की आमचं द्रावण फवारल्यावर झाडाला जोम येतो. माकडाला येतो की झाडाला, ते कळलं नाही. त्याच्यामागून खतवाले आले, पंपवाले आले. कोणी भोळेपणाचा आव आणून स्वतःच प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्या नावाने स्वतःच उत्तर द्यायचा की वा, अमुक दुकान काय सुंदर आहे.

नीलिमा खवळली. जगभरातल्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइट हे कसं आवरतात ते तिने वाचून काढलं आणि आमचे नियम लिहिले. उत्तर तिथल्या तिथे पूर्ण झालं पाहिजे, वाचणाऱ्याला दुसरीकडे जावं लागू नये. ‘आमच्याकडे या’ चालणार नाही. आणि प्रत्येक उत्तराखाली एक बटण, ‘ही जाहिरात आहे’. काही जणांनी ते दाबलं की उत्तर झाकलं जायचं, मग नीलिमा बघून ठरवायची. बहारराजाची उत्तरं भराभर झाकली गेली. मी तिला दुसऱ्या दिवशी डब्यातले तिळाचे लाडू दिले.

आणि मग एका सकाळी झाकलेल्या उत्तरांत बाबांचं उत्तर दिसलं.

उत्तर चांगलं होतं. कलमाचा डोळा, म्हणजे खुंटावर बांधलेला कोंब, का जळतो हे त्यांनी सावकाश, समजावून सांगितलं होतं. शेवटी मात्र लिहिलं होतं, "या एकदा बागेत. चाय घेऊन जा." मी मागची उत्तरं उघडून पाहिली. सगळ्यांच्या शेवटी तेच. या. चाय घेऊन जा. आमच्या भागात कुठलंही बोलणं याशिवाय संपतच नाही. रस्त्यात भेटलेल्या माणसाला पत्ता सांगितला तरी शेवटी ‘या घरी’ म्हणावं लागतं, नाहीतर पत्ता अर्धा सांगितल्यासारखा वाटतो. बाबांनी तेच केलं होतं. पण बाबांची नर्सरीही होती; जंभेरी लिंबाच्या खुंटावर डोळे भरलेली कलमं ते विकायचे. बटण दाबणाऱ्यांना ते माहीत होतं.

बटणं दाबली जाण्याआधीच बहारराजाने सगळ्यांसमोर लिहिलं होतं, "संचालिकाबाईंच्या वडिलांनी बोलावलं तर पाहुणचार, आम्ही बोलावलं तर जाहिरात. वा रे न्याय!" खाली लोकांनी पसंतीचे अंगठे टाकले होते. मला इतका राग आला की मी त्याला काहीतरी लिहायला घेतलं आणि पुसलं, कारण त्याचं म्हणणं खोटं आहे असं मला लिहिता येईना.

"आता काय करायचं?" मी नीलिमाला विचारलं.

"तू सांग," ती म्हणाली. "काकांना सूट दिली तर उद्या कोणीच आपल्याला मानणार नाही. आणि मी त्यांची उत्तरं झाकलेलीच ठेवली, तर ते लिहिणं बंद करतील. ते बंद झाले तर..."

तिला माहीत होतं की ही उत्तरं म्हणजे माझ्या बापाची त्या रिकाम्या घरातली सोबत आहे. मला ती सोबत तुटायला नको होती. आणि ज्या लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवला त्यांना फसवायचंही नव्हतं. दोन्ही एकदम कसं सांभाळायचं ते मला समजत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते.

रविवारी मी बसने खाप्याला गेले. एव्हाना पुढच्या वर्षीचा बहार आला होता, बाग फुलावर होती. मधमाश्यांचा आवाज इतका की फाटकातूनच ऐकू यायचा. बाबा खुंटांच्या वाफ्यात उकिडवे बसून कलमांचे डोळे भरत होते. मी भीत भीत सगळं सांगितलं. त्यांनी हातातली सुरी पुसली, मिटली, खिशात टाकली.

"चाय पाजणं जाहिरात कवापासून झालं वं?"

वाफ्यातून उठत त्यांनी अंगणाकडे हात केला.

"तुही माय गेली तवापासून या आंगणात कोणी बसत नाही. आता दोनचार माणसं येतात. विचारतात, बसतात. त्यायले काय म्हणू? येऊ नका म्हणू?"

त्यांना नीलिमाशीच बोलायचं होतं. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि झाडाच्या फांद्यांच्या बेचक्यात ठेवला.

"काका, रागावू नका," नीलिमा म्हणाली. "एक विचारते. जे लोक चहा प्यायला आले, त्यातले रिकाम्या हाताने किती परत गेले?"

बाबांनी बोटांवर मोजायला घेतलं. मग हसायलाच लागले. "आता आलेल्या माणसाले रिकाम्या हातानं कसं जाऊ देऊ बाई? दोन कलमं तं देतोच."

"फुकट?"

"एखाद्याले फुकट. बाकीचे पैसे देतात."

"मग?"

"मंग तुहं बरोबर हाये," बाबा म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "तू बी ये ना एकदा. फूल पाहून जा. चाय घेऊन जा."

"नको काका. मी आले, तुमचा चहा प्याले, आणि उद्या तुमचं उत्तर उघडं ठेवलं, तर लोक काय म्हणतील?"

"व्हय," बाबा म्हणाले. "ते बी खरं हाये."

फोन ठेवल्यावर ते चालायला लागले, मी मागून. ते मला धुऱ्यावर घेऊन गेले. धुरा म्हणजे शेताची हद्द. तिथे एक म्हातारं झाड आहे, डिंक्या रोगाने खाल्लेलं, खोडाची एक बाजू काळी पडलेली. या झाडाशी आमच्या घरची एक रीत जोडलेली आहे. उभी बाग विकत घ्यायला व्यापारी आला की बाबा त्याला आधी या झाडाकडे न्यायचे. "हे पाहून घ्या. असं बी आहे आमच्यात." मग अंगणात चहा, आणि मग चांगली झाडं. आई कपाळाला हात लावायची. आपला माल विकायला काढायचा आणि आधी सडका दाखवायचा, असं कोणी करतं का, म्हणायची. पण एकदा धुऱ्यावरचं झाड पाहिलेला व्यापारी पुढची झाडं फारशी चाचपत बसायचा नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. बाजारात टोपलीच्या वरच्या थराला मोठी फळं लावतात आणि घेणारा खाली हात घालून बघतो. आमच्या बागेत त्या हाताची गरज पडायची नाही.

"मी मोबाइलवर धुरा दाखोलाच नाही," बाबा म्हणाले. "लोकायले एकदम अंगणात बोलावलं. तेथंच चुकलं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या उत्तराची पहिली ओळ अशी होती: "धुरा: माझी कलमांची नर्सरी आहे, मी सांगतो त्यात माझा फायदा असू शकतो. आणि याच रोगात माझी स्वतःची झाडं गेली आहेत, म्हणून हे लक्षात धरून वाचा." मग उत्तर. शेवटी काही नाही. चहा नाही, ‘या’ नाही. उत्तर संपलं की संपलं.

नीलिमाने ते दोनदा वाचलं. मग नियमांमध्ये एक ओळ वाढवली: ज्याला काही विकायचं असेल त्याने आधी धुरा दाखवावा. लोकांना ते इतकं आवडलं की ज्यांना काही विकायचं नव्हतं तेही धुरा लिहायला लागले. "धुरा: मला यातलं फारसं कळत नाही, सासऱ्यांना विचारून लिहीत आहे." "धुरा: मागच्या वर्षी मी हेच सांगितलं होतं आणि ते चुकलं." शेवटी बहारराजासुद्धा आला. काही दिवस रुसून होता. मग लिहिलं, "धुरा: हे द्रावण मीच बनवतो आणि मीच विकतो. माझ्या बागेत अर्ध्या झाडांना लागू पडलं, अर्ध्यांना नाही. माकडांवर उपयोग नाही." आम्ही दोघी टेबलावर डोकं ठेवून हसलो. त्याचं उत्तर नीलिमाने उघडं ठेवलं.

आता मागे वळून पाहताना वाटतं, त्यात सगळं बरोबर झालं आणि तरी काहीतरी हरवलं. स्वतःबद्दल सांगावंच लागतं हल्ली. ऑफिसात वर्षाच्या शेवटी आपण काय दिवे लावले ते आपणच लिहायचं, फोनवर आपलाच फोटो, आपलंच कौतुक. न सांगणारा मागे राहतो हेही मी पाहिलं आहे. पण सांगण्याच्या त्या गर्दीत ‘या’ म्हणणारा एखादा मनात विकण्याचं काही न ठेवता नुसताच ‘या’ म्हणत असतो, आणि त्याला वेगळं काढायला कुठल्या बटणाला जमत नाही. बाबांना नियम पटला होता. त्यांनी पुन्हा कधी कोणाला तिथे बोलावलं नाही. लोक त्यांची उत्तरं जपून ठेवायचे, एकमेकांना पाठवायचे. अंगणात येणारी माणसं मात्र कमी होत गेली. मी गेले की दिसायचं, चहाचं मोठं पातेलं फळीवर पालथं घातलेलं, आणि बाबा लहान भांड्यात एकट्याचा चहा उकळत असलेले. मी नीलिमाला ते कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला झोंबलं असतं, आणि चूक तर तिचीही नव्हती.

मग गुडघे गेले, डोळे अधू झाले, नर्सरी बंद झाली. बाग माझा चुलतभाऊ विलास बघतो, नीट बघतो. बाबा इथे तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि खाली रुग्णवाहिका वाजली की, "कोणाचं काय झालं?" म्हणून विचारतात. ‘विचारपूस’ अजून सुरू आहे, पण संथ. नीलिमाने नोकरी सोडली, पण वेबसाइटकडे ती रोज सकाळी चहा पिताना एकदा डोकावतेच.

तर परवा, कुंडीला फूल आलं त्याच दिवशी, ऑफिसातून आल्यावर मी बाबांना एक नवा प्रश्न वाचून दाखवला. कळमेश्वरकडच्या एका मुलीचा होता. वडिलांनंतर पहिल्यांदाच एकटी बाग बघत होती. तिने लिहिलं होतं, "ताण बरोबर दिला, पाणीही वेळेवर सोडलं, तरी फुलं फार कमी आहेत. माझं काय चुकलं?"

बाबा गॅलरीकडे तोंड करून बसले होते.

"लिही," ते म्हणाले. "धुरा: आता माझी नर्सरी नाही. विकायले माझ्यापाशी काहीच नाही."

मी लिहिलं. मग त्यांनी तिला सांगितलं की जमीन भारी असली तर ताण लवकर बसत नाही, खाली ओल राहते. झाड उपाशी आहे असं आपल्याला वाटतं, पण ते आतून पीत असतं. यंदा जे फूल आलं ते सांभाळ, झाडावर रागावू नको. पुढच्या वर्षी पाणी थोडं आधी तोड. हेही लिहायला सांगितलं की बापाच्या बागेत पहिल्या वर्षी सगळ्यांचंच चुकतं, त्यांचंही चुकलं होतं.

"झालं," ते म्हणाले.

"शेवटी काही?"

"काय शेवटी? झालं ना."

सवयीने त्यांनी ‘या’ गिळलं होतं. इतक्या वर्षांत त्यांना ते जमायला लागलं होतं, आणि मला ते एकदम सहन झालं नाही. मी खाली लिहिलं, "या एकदा खाप्याला. बाग फुलावर आहे. चहा घेऊन जा." वाचून दाखवलं नाही. पाठवून दिलं.

स्वयंपाक करताना मी मोबाइल ओट्यावर ठेवला होता. ‘ही जाहिरात आहे’ कोणीतरी दाबणार, नीलिमाला सूचना जाणार, आणि ती झाकणार. नियम तिचाच होता, आणि तिने तो कधी कोणासाठी वाकवला नव्हता. भात झाला, भाजीला फोडणी दिली. मोबाइल वाजला. उत्तराखाली कोणीतरी लिहिलं होतं. नाव पाहिलं तर नीलिमाच.

एवढंच होतं: "काका, कधी येऊ?"

मी तशीच हात न पुसता बाहेर आले आणि बाबांना वाचून दाखवलं. मग आपण काय जोडलं होतं तेही सांगावं लागलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं, कोणती नीलिमा, आपली नीलिमा का, जी येत नव्हती ती? मी हो म्हटलं.

"तिले लिही, इतवारपर्यंत ये म्हणा," बाबा म्हणाले. "मंग फूल झडून जाते." आणि खुर्चीचा हात धरून उभे राहत म्हणाले, "विलासले फोन लाव. मोठं पातेलं घासून ठेव म्हणा."